सतरा एकांची बाकी

२ मार्च

गणिताची एकेचाळिसावी वही आज उघडली. क्रमांक ६०,१०० झाला. भाग गेला नाही.

नव्या वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहायचे, ही माझी सात वर्षांची रीत. या रोजनिशीतही एकदा उतरवून ठेवतो. संख्या ही: ११,११,११,११,११,११,११,१११. सतरा एक, दुसरा अंक नाही. हिला एक आणि ती स्वतः सोडून आणखी कशाने पुरता भाग जातो का, एवढाच प्रश्न. भाजक असलाच तर तो चौतिसाच्या पटीत एक मिळवून येणाराच असतो. हे मी कुणाला न विचारता चार महिन्यांत शोधलं. (वाचनालयातला म्हातारा म्हणाला, हे जुन्या पुस्तकांत आहे. असेल. मी ते वाचलं नव्हतं.) चौतिसाची कितवी पट, तो क्रमांक. तीन, पाच, सात, अकरा, तेरा यांनी भाग जाणारे आकडे गाळायचे, राहिलेल्या प्रत्येकाने सतरा एकांना शेवटपर्यंत भागायचं, हाताने. मग नवाचा ताळा, म्हणजे प्रत्येक आकड्याच्या अंकांची बेरीज एकच अंक उरेपर्यंत करायची आणि त्यावर पडताळा घ्यायचा. ताळा जुळला की ओळ बंद. बंद झालेली ओळ पुन्हा उघडायची नाही. कारखान्यात मी बेअरिंगच्या कड्या तपासतो, तिथेही हेच. तपासनीसाचं माप एकदाच. दोनदा मोजणाऱ्याचा स्वतःवर विश्वास नसतो.

शेवटचा नियम: मशीन नाही.

पुरता निकाल लावायचा तर दहा कोटी चोपन्न लाखांपर्यंत भाजक तपासावे लागतील. माझ्या वेगाने सव्वातीनशे वर्षं. म्हणून स्वतःपुरती पंचवीस लाखांची हद्द आखली आहे. आज वीस लाख त्रेचाळीस हजारांवर आहे.

हे सगळं सुरू झालं ते कन्येमुळे. बारा वर्षांची होती. तिच्या चौकटीच्या वहीत एका ओळीला सतरा चौकटी. तिने प्रत्येकीत एक-एक भरला आणि विचारलं, "बाबा, याला कशाने भाग जातो?" मी म्हटलं, "उद्या सांगतो."

६ मार्च

ही आणि मी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. मला काही तक्रार नाही, पण घरात चहाचा कप तीनदा सांडला. कप माझ्या डाव्या हाताला ठेवायचा नाही, असं मी हिला आधीच बजावलं होतं.

बाईंनी हनुवटी एका यंत्रावर टेकवायला लावली. दिवा लागला की बटण दाबायचं. पुष्कळ वेळ दिवेच लागले नाहीत. तसं मी त्यांना सांगितलंही, यंत्र तपासून घ्या म्हणून. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

"काचबिंदू आहे. डाव्यात बराच, उजव्यात सुरुवात. गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली वाचवायची तर ऑपरेशन लवकर करायला हवं. आणि नंतर महिनाभर लिहिणं-वाचणं बंद."

मी म्हटलं, "हातात एक काम आहे. ते संपवून येतो."

"किती दिवस?"

"दीड वर्ष."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "दीड वर्षाने तुम्ही मला आवाजावरून ओळखाल."

मी उठलोच. कामाच्या मध्ये वही मिटलेली नाही, हिच्या बाळंतपणातही मी कारखान्यातून रजा घेतली नव्हती. पण ही बसूनच राहिली. बोटांवर काहीतरी मोजत होती. मग म्हणाली, "पंधरा एप्रिलची तारीख द्या. तोवर ह्यांचं काम झालेलं असेल."

"कसं होईल?" मी जिन्यात विचारलं.

"होईल. मला वाटतं होईल."

हिला वाटतं! ही शिवणकाम करते. ब्लाउजच्या मापापलीकडे हिचा आणि आकड्यांचा संबंध नाही. मी स्पष्ट सांगितलं, संख्येचा निकाल लागला किंवा पंचवीस लाख झाले, तरच ऑपरेशन. माझा शब्द म्हणजे शब्द. ती म्हणाली, "निकाल लागला तर लगेच?" मी म्हटलं, "त्याच दिवशी." "बघा हं," ही म्हणाली. "फिरायचं नाही."

१२ मार्च

रोज दहाचे आठ झाले. बल्ब बेकार आहे. शाईसुद्धा हल्ली फिकी काढतात.

हिला अचानक माझ्या कामात गोडी वाटायला लागली आहे. रोज सकाळी सहाला मी बसलो की पावणेआठला विचारते, "कितवा क्रमांक?" सांगितला की कॅलेंडरवर लिहिते. सात वर्षांत हिने वहीला हात लावला तो धूळ पुसायला. माणसाची कदर व्हायला वेळ लागतो.

भाजी आणणं, गॅस सांगणं, गच्चीतली टाकी बघणं, माझी सगळी कामं हिने अंगावर घेतली आहेत. "तुम्ही बसा. भागत राहा."

१९ मार्च

क्रमांक ६०,४९०च्या पुढे.

कारखान्यात अपमान झाला. माझ्या टेबलावरून पास झालेल्या कड्यांची एक पेटी परत आली. अकरा कड्यांना ओरखडा. फोरमनने कडी माझ्यासमोर धरली. "काका, हा तर आंधळ्यालाही दिसेल."

मी म्हटलं, "वाटेत पडला असेल ओरखडा."

"अकराही कड्यांवर एकाच बाजूला?"

बाकीचे हसले. वाईट वाटलं ते ओरखड्याचं नाही. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस, पण तपासणीच्या खोलीत शिकलेले इंजिनिअरही माझा शिक्का पाहून पुढे जातात. आज फोरमन शिक्क्याखाली पुन्हा मोजत बसला होता.

ट्यूबलाइटची जागा बदलायला अर्ज दिला.

२३ मार्च

आज मन लागावं म्हणून जुन्या गमती काढून बसलो. अकराला अकराने गुणा, १२१. तीन एकांना तीन एकांनी, १२३२१. असं नऊ एकांपर्यंत चढत जातं आणि उतरतं, जिन्यासारखं. दहा एकांना जिना मोडतो. आणखी एक: सोळा एकांना सतराने पुरता भाग जातो. सतरा एकांना सतराने भागा, बाकी एक उरतो. सगळे जागेवर बसले, एकालाच खुर्ची नाही. ही गंमत मी पहिल्या वर्षी कन्येला सांगितली होती. तेव्हाच कधीतरी ती दाराशी येऊन म्हणाली होती, "बाबा, मला त्या संख्येचं काहीतरी सांगायचंय." कारखान्यातला इंजिनिअर त्याच दिवशी मला म्हणाला होता की कॉम्प्युटरला विचारा, दोन सेकंद लागतील. माझं डोकं तापलेलं. मी गरजलो, "या घरात कुणी मशीनला विचारलं तर सगळ्या वह्या बंबात घालीन!" ती गेली. सायकल मागायची असेल.

२८ मार्च

६०,६८० पर्यंत. रोज सात.

ही फोनवर कन्येशी बोलत होती. मला वाटलं मोठमोठ्याने माझं कौतुक चाललंय. "सहाशे ऐंशी झाले गं. हो. अजून अडीचशे. नाही, रोजचे वीसच सरकतात. बसेल का गं पंधराच्या आत?" मग आवाज खाली गेला.

कशाचे अडीचशे, ते विचारलं. म्हणाली, "बटणं."

४ एप्रिल

६०,८२०. रस्ता ओलांडताना डावीकडून सायकलवाला आला तो सरळ माझ्यावर. लोकांना घंटी वाजवायला काय होतं? खांदा खरचटला. हिने हळद लावली आणि लावता लावता रडली. एवढ्याशा खरचटण्याला! मी म्हटलं, "अगं, हाड शाबूत आहे."

"मला ठाऊक आहे काय शाबूत आहे आणि काय नाही ते."

तिला चिडून बोलता येतं हे मी विसरलो होतो. त्यानंतर ती बराच वेळ मशीनवर (शिवणाच्या) पाय मारत बसली. सुईखाली कापड नव्हतं.

९ एप्रिल

६०,९२५.

कन्या न कळवता आली. कॉलेजला सुट्टी नाही, परीक्षा तोंडावर. "बाबा, सहज आले." बॅगेत एकच जोडी कपडे. येताना पेढ्यांचा पुडा घेऊन आली, तो हिने फडताळात वरच्या फळीवर ठेवला. मी मागितला तर दोघी एकदम म्हणाल्या, "उद्या!"

१० एप्रिल

सकाळी सहाला बसलो तर दोघी समोर. ही उसवण काढत होती, कन्या पुस्तक घेऊन. पुस्तक उलटं नव्हतं, पण पानही उलटत नव्हतं. मी म्हटलं, "सिनेमा आहे का इथे?" कुणी हसलं नाही.

पहिले दोन क्रमांक झाले. मग क्रमांक ६०,९३३. भाजक वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. मी भाजक मोठ्याने म्हणतो, सवय आहे. म्हटला तर हिच्या हातातली कात्री थांबली.

सात पायऱ्या पानाच्या तळाशी संपल्या. पान उलटलं, वरची बाकी उतरवली, ७३०६०५. उरलेल्या तीन पायऱ्या केल्या. खोली इतकी चिडीचूप की टाकाचं नीब ऐकू येत होतं. शेवटची बाकी १३,५८,६१५. ताळा: भाजकाचे चार, भागाकाराचे सहा, गुणून चोवीस म्हणजे सहा. बाकीचे दोन. सहा नि दोन आठ. सतरा एकांचे आठ. जुळला.

"नाही गेला," मी म्हटलं आणि ओळ बंद केली.

कन्या उभी राहिली. "नाही गेला?"

"नाही."

"बाबा, असं कसं... नीट..." हिने तिचा हात धरून खाली बसवलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मग ही म्हणाली, अगदी शांतपणे, "अहो, एवढा एक परत करा."

"का?"

"माझ्यासाठी."

"ताळा जुळलाय."

"जुळू दे. परत करा."

मी पुढचा क्रमांक घेतला. कन्या स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला. नळाच्या आवाजात रडलं की ऐकू येत नाही असं तिला लहानपणापासून वाटतं.

पेढे कुणी काढले नाहीत.

११ एप्रिल

आज हिने पुन्हा तेच धरलं. आणि बोलू नये ते बोलली.

"मी कापडाला कात्री लावण्याआधी दोनदा टेप लावते. पंचवीस वर्षांत एक कापड फुकट गेलं नाही."

मी म्हटलं, "म्हणून तू शिंपीण आहेस आणि मी तपासनीस."

"अकरा कड्या परत आल्या त्या तपासनिसाच्या?"

तिला कुणी सांगितलं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "सातवी शिकलेल्या बाईने मला भागाकार शिकवू नये!"

कन्या मध्ये पडली. "बाबा, मी सांगते तुम्हाला. मी सात वर्षांपूर्वीच..."

"गप्प बस," ही तिला म्हणाली. असा आवाज तिने पोरीवर कधी चढवला नव्हता. "तसं सांगायचं नाही. ह्यांचं काम ह्यांच्याच रीतीने."

काय सांगायचं नाही, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का? घरात कुणीतरी माझ्यापासून काहीतरी झाकतंय. पंधरा तारखेला येणार नाही, असं दवाखान्यात फोन करून कळव म्हणून हिला सांगितलं. हिने केला नाही. मला फोनवरचे आकडे नीट... फोन जुना आहे.

१३ एप्रिल

अबोला. कालही, आजही. ताट येतं, पाणी येतं, शब्द येत नाही.

ही शिवणाच्या टेबलावर कन्येची जुनी चौकटीची वही घेऊन पेन्सिलीने काहीतरी लिहीत बसते. लिहिते, खोडते, जीभ दातांत धरते. गिऱ्हाइकं दोनदा परत गेली. मी जवळून गेलो तर कोपराने झाकलं. कन्या मदतीला वाकली तर तिलाही म्हणाली, "लांब राहा. मलाच करू दे."

आज सकाळी तीनच क्रमांक झाले. एका ओळीवरून दुसरीवर जाताना ओळच हरवते. पट्टी लावून केलं, तरी हरवते. हे इथेच लिहितो, दुसरीकडे नाही. उजवा डोळा झाकून पाहिलं. समोर भिंत होती. कॅलेंडर त्याच भिंतीवर असतं. नव्हतं.

१४ एप्रिल

सविस्तर लिहितो.

कारखान्यातून आलो. हिने चौकटीची वही माझ्यासमोर ठेवली. "तपासा. तपासनीस आहात ना?"

पान पाहिलं. सतरा एक, सतरा चौकटींत. भाजक २०७१७२३. माझाच ६०,९३३वा. खाली दहा पायऱ्यांचा भागाकार, हिच्या पोरवयातल्या गोल अक्षरात. खोडरबराने कागद दोन ठिकाणी झिजून आरपार. आणि सगळ्यात खाली, पेन्सिल दाबून काढलेलं एक शून्य.

मी हसलो. खोटं का लिहा, मी हसलो. म्हटलं, "आता तुझी चूक शोधून देतो."

ही म्हणाली, "शोधा." आणि समोर उभी राहिली, पदर खोचून.

माझी वही शेजारी ठेवली. पहिली पायरी, पाच, बाकी ७५२४९६. दोघांची सारखी. दुसरी सारखी. तिसरी सारखी. बाईला हातचे घ्यायला जमतात, हे कबूल करायला हवं. सातवी आली. तिची बाकी ७३९६०५. माझी ७३०६०५.

"सापडली!" मी म्हटलं. "शून्याच्या जागी नऊ घेतलास."

"तुमच्या आधीच्या पानावर काय आहे?"

"हेच असणार."

"बघा ना."

पान उलटलं. तळाशी डाव्या कडेला माझी बाकी. सात, तीन, शून्य. बघ, म्हटलं. तिने सुयांच्या डब्यातलं भिंग काढून त्या अंकावर ठेवलं.

त्याला शेपूट होती.

मान वळवून पाहिलं, उजव्या डोळ्याने पाहिलं, खिडकीशी नेऊन पाहिलं. नऊ. माझ्याच हातचा, माझ्याच शाईतला, ठसठशीत नऊ. भिंग काढलं की शून्य, ठेवलं की नऊ. आणि नवाच्या ताळ्याला नऊ काय नि शून्य काय, दोन्ही सारखेच. ताळ्याची ही खोट मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. आपल्या हातून तसं व्हायचं नाही, हेही माहीत होतं.

उभ्याउभ्याच उरलेल्या तीन पायऱ्या परत केल्या. तीन. पाच. सात. साताचा गुणाकार मांडला, १४५०२०६१. वर तोच आकडा. एकाखाली एक, आठही अंक. वजा केले.

शून्य.

मी खाली बसलो. सात वर्षं, एकेचाळीस वह्या. किल्ली चालली होती, आणि मी दार लागलंय म्हणून पुढे निघालो होतो. अजून दीड वर्ष चालत राहिलो असतो. पुढे काय, बहुधा अंधारातच.

मग विचारलं, "साठ हजारांतून नेमकी हीच ओळ कशी घेतलीस?"

ही खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आकडा आवडला."

तेवीस हजारांवर भागाकार केले आहेत मी. त्यांतून एक उचलायचा आणि तो हाच निघायचा, म्हणजे तेवीस हजारांत एक. एवढं नशीब घेऊन ही बाई इतकी वर्षं बटणं लावत बसली!

कन्येला हाक मारली. तिच्याच त्या जुन्या वहीत, सतरा एकांखाली, शाईने लिहिलं: २०,७१,७२३ गुणिले ५,३६,३२,२२,३५७. म्हटलं, "उद्या सांगतो म्हटलं होतं. थोडा उशीर झाला."

ती माझ्या गळ्यात पडली. "सॉरी बाबा. सॉरी." कशाबद्दल, ते काही सांगेना. मी पाठीवर थोपटलं. परीक्षा बुडवून आली आहे, त्याबद्दल असेल.

मग पेढे निघाले. पाच दिवसांचे होते, कडक झाले होते. ही म्हणाली, "शब्द?" मी म्हटलं, "शब्द म्हणजे शब्द."

१५ एप्रिल

दवाखान्याच्या बाकावर लिहितो आहे. आधी डावा, मग पुढल्या महिन्यात उजवा बघू म्हणाल्या बाई. डाव्याचं गेलेलं परत मिळणार नाही, उजवा वाचेल. कन्येकडून फोन लावून घेऊन फोरमनला मीच सांगितलं, माझ्या शिक्क्याचा फेब्रुवारीपासूनचा माल पुन्हा मोजा. तो "बरं, काका" म्हणाला. हसला नाही.

सकाळपासून हात रिकामे वाटत होते. म्हणून या दोघींना सांगून टाकलं की पुढचं ठरलं आहे. अठरा एकांत राम नाही, त्यांना तीननेच भाग जातो. एकोणीस एक. भाजक असलाच तर अडतिसाच्या पटीत एक मिळवून येणारा. डोळा बरा झाला की पहिल्यापासून.

कन्येने मोबाइल काढला. अंगठ्याने काहीतरी टिपलं, बघितलं, आणि तिचा चेहरा विचित्र झाला. आईच्या कानाशी लागून कुजबुजली. हिने तिच्याकडे पाहिलं.

"कशानेच नाही?"

पोरीने मान हलवली.

"कधीच?"

"कधीच, आई."

बहुधा ऑपरेशनला आत सोबत बसायला मिळेल का, ते पाहत असाव्यात. मी म्हटलं, "नसू दे. मी काही लहान मूल नाही."

हिने खाली पायांकडे पाहिलं. मग तिला हसू आलं, पदर तोंडाशी नेला तरी आवरेना. मग डोळे पुसून माझा हात हातात घेतला, चारचौघांत, बाकावर.

"करा एकोणीस एक," ही म्हणाली. "पण दर ओळ दोनदा. एकदा तुम्ही, एकदा मी."

"तुझं शिवण?"

"होईल हो. आता काही घाई नाही."

दीड महिना मला सकाळ-संध्याकाळ पळवणारी बाई ही. मी म्हटलं, बघ हं, फिरायचं नाही.

नर्स बोलावते आहे.